खड्यातला पांढरा गाभा

ठाण्यातली मे महिन्याची दुपार, घोडबंदर रोडवर डांबर मऊ झालेलं आणि कोकम सरबतात बर्फाचा खडा. कडेने काचेसारखा, मध्ये पांढराफट्ट. लोक लगेच नळाच्या पाण्याला नावं ठेवतात, ‘क्लोरीन असणार.’ क्लोरीन कसलं, ती हवा आहे.

शून्य अंशाच्या लिटरभर पाण्यात साधारण 29 मिलिलिटर हवा मावते. बर्फाच्या स्फटिकात तिला जागाच नाही, म्हणून गोठत येणारी कड तिला पुढे रेटत राहते. ट्रेमध्ये वरचा पापुद्रा आणि बाजू आधी धरतात. हवा मधल्या पाण्यात कोंडते, पाण्याला पेलेनाशी झाली की बुडबुडे सुटतात. पापुद्र्यात भोक राहिलं असेल, तर तिथून थोडी निसटते. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, तेही त्याच भोकातून वर येतं. कधी कधी चक्क बर्फाचा काटा उभा राहतो. भोक बुजलं, की दाबाने पापुद्रा फुगतो, तडकतो, उरलेली हवा अडकते ती अडकतेच. खडा उजेडात धरून बघा: गोल टिंबांबरोबर गाभ्याकडे लांबलेल्या बारीक सुयाही दिसतील. बर्फ सरकत होता आणि बुडबुडाही वाढत होता, त्या शर्यतीची ही खूण.

पाणी उकळून घ्या, असं सगळे सांगतात. फरक पडतो, पण थोडाच. निवताना ते हवा परत शोषतं. त्यापेक्षा झाकण नसलेला थर्माकोलचा छोटा डबा पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवावा. थंडी फक्त वरून उतरते, हवा खाली ढकलली जाते. तळाचं चतुर्थांश पाणी गोठायच्या आत लादी बाहेर काढायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. उशीर झाला, तर खालचा थर पांढरा. तो सुरीने तासून टाकायचा.

कारखान्यात थांबायला सवड नसते. खारट पाण्याच्या टाकीत उणे 8-10 अंशांवर डबे बुडवतात, डब्याच्या मधोमध नळी सोडून हवा फुंकतात. हवा घालवायला हवाच! पाणी हलतं राहिलं, की कडेला चिकटू पाहणारे बुडबुडे धुऊन निघतात. शेवटी गाभ्यातलं पाणी ओढून काढून ताजं भरतात. दिवाळे गावच्या कोळीवाड्यात मासळीवर टाकायच्या चुऱ्याला एवढे लाड कोण करणार?

आणि तलावपाळीचा गोळा? लादी कितीही नितळ असो, रंध्यावर किसली, की भुग्याच्या कणाकणांत हवा शिरते आणि सगळंच पांढरं. त्यावर कालाखट्टा.