शेंडा बघून घेतलेलं झाड

गेल्या वर्षीचं ख्रिसमसचं झाड उन्हाळा लागायच्या आतच गेलं. चांगलं पाच फुटी होतं. संक्रांतीनंतर त्याच्या खालच्या फांद्या तपकिरी पडत गेल्या, शेंड्याला काहीच फुटलं नाही. मला फार लागलं ते. म्हणून यंदा उंचीकडे बघायचंच नाही असं ठरवून डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी जालन्याहून संभाजीनगरच्या रस्त्याला लागले. उशीर केला की नर्सऱ्यांत उरलंसुरलं मिळतं.

माझे वडील बेथेलचे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ वसवलेलं हे गाव. वडील लहान असताना घरी सुरूची फांदी तोडून आणत आणि वाळू भरलेल्या तेलाच्या डब्यात उभी करत. सुरूची सुईसारखी दिसणारी पानं म्हणजे खरं तर सांधे असलेल्या बारीक डहाळ्या. वाळल्या की पेऱ्यापेऱ्याने तुटतात. नव्या वर्षाच्या उपासनेपर्यंत खाली सडा पडायचा. वडिलांना ते झाडून काढणं आवडत नसे. मुळासकट झाड घरात असावं ही इच्छा त्यांचीच.

फर, स्प्रूस ही थंडीतली झाडं, आपल्याकडे हिमालयात होतात. आमच्या ४२ अंशांत त्यांचा विचारच नको. नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळतो तो अरोकेरिया. त्यातली सगळ्यात ओळखीची जात प्रशांत महासागरातल्या नॉरफोक बेटावरची. १७७४ मध्ये कॅप्टन कुक त्या बेटावर पोचला तेव्हा ही उंच झाडं त्याच्या नजरेत भरली होती. या झाडाची वाढ मधल्या एका शेंड्यावर चालते. तो मोडला की झाडाची सरळ बांधणी बिघडते, आणि खालची वाळून गेलेली फांदी पुन्हा येत नाही. गेल्या वर्षीच्या झाडाचा शेंडा मोडलेला होता, त्यावर चांदणी बसवलेली होती. घेताना मी चांदणी उचलून बघितलीच नाही.

पहिल्या नर्सरीत फांद्यांवर चकाकी फवारलेली झाडं होती. रंगाखाली पान हिरवं आहे की पिवळं, कसं कळणार? निघाले. दुसरीकडे एक झाड फारच दाट दिसलं. बुंध्याशी बघितलं तर एका पिशवीत चार रोपं. घरी दाटीवाटीत एकेक वाळत जातं, म्हणून तेही सोडलं.

तिसऱ्या ठिकाणचे काका सावकाश बोलणारे. "ताई, मोठं न्या की, हॉल भरून दिसंल." मी अडीच फुटीच बघत राहिले. शेंडा शाबूत, टोकाला फिकट पोपटी. फांद्यांचे मजले बुंध्यापासून वरपर्यंत सलग, एकही गाळलेला नाही. कागद खाली धरून फांदी हलकेच झटकली. लाल कोळी ही कीड असेल तर कागदावर बारीक ठिपके चालताना दिसतात. काही नव्हतं. पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड आहे का बघायला फांद्यांच्या बेचक्यांत बोट फिरवलं. शेवटी विचारलं, "काका, पिशवी जरा काढून दाखवता का?"

"दाखवतो की." त्यांनी ब्लेडने पिशवी चिरली. लाल मातीचा घट्ट गोळा, पण कडेला पांढरी, ताजी मुळं. तपकिरी, गोल गोल गुंडाळलेली असती तर घेतलं नसतं. साडेचारशे रुपये दिले.

खरी चूक घरी होते असं मला वाटतं. तो लाल गोळा तसाच आपल्या काळ्या मातीत बसवला की पाणी धड आत जात नाही, धड बाहेर येत नाही. मी गोळ्याची कड बोटांनी सैल केली. पोयटा, वाळू आणि शेणखत घालून भोक असलेल्या कुंडीत लावलं. आमच्या बोअरचं पाणी जड, मातीवर पांढरा थर धरतं, म्हणून नळाचं पाणी वेगळं साठवते आणि वरची बोटभर माती कोरडी झाली की मगच घालते. फांद्या मऊ असतात, त्यामुळे कागदी चांदण्या आणि एकच हलकी माळ.

झाड पूर्वेच्या खिडकीशी होतं. ६ जानेवारीला चांदण्या उतरवल्या आणि कुंडी आधी ओट्यावर, पंधरा दिवसांनी लिंबाच्या सावलीत नेली. एकदम उन्हात ठेवलं तर पानं करपतात. परवा शेंड्याच्या खाली नव्या मजल्याची पाच टोकं दिसली. एप्रिल-मे अजून जायचेत, त्यासाठी हिरवी जाळी आणून ठेवली आहे.