सहाच्या आधीचा अंधार: बदलापुरातली एक दिवाळी पहाट

नरक चतुर्दशीची पहाट आमच्या ध्वनिव्यवस्थेच्या धंद्यात वर्षातली सगळ्यात अवघड वेळ. लग्नाच्या हॉलला पक्की वीज असते, नाट्यगृहाला असते. बदलापुरात कात्रपच्या पुढे नव्या सोसायट्यांमध्ये मोकळी राहिलेली जागा मात्र मुरूम टाकून सपाट केलेली असते, चारी बाजूंना मजल्यांवर मजले चढलेले असतात आणि मैदानाला विजेचं साधं मीटरही नसतं. डोंबिवलीत फडके रोडला माणसं नुसती नटूनथटून आली तरी दिवाळी साजरी होते. इथे स्टेज, वीज, खुर्च्या, पाणी, सगळं एका रात्रीत उभं करायचं आणि दुपारपर्यंत उचलायचं.

आधी वेळेचं सांगतो, कारण पत्रिकेत हमखास तिथेच घोटाळा होतो. ‘पहाटे ५ वाजता सुरेल मैफल’ असं छापून येतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. त्यांत रात्र म्हणजे १० ते ६, आणि त्या वेळेत उघड्यावर स्पीकरच नाही तर वाद्यही वाजवता येत नाही. त्यामुळे ‘माइक नको, नुसती सनई ठेवू’ ही पळवाट चालत नाही. सवलतीच्या ज्या रात्री जाहीर होतात, त्यांत मुदत वाढते ती मध्यरात्रीपर्यंत, पहाटे नाही. म्हणून बदलापुरातल्या त्या दिवाळी पहाटेच्या संयोजकांना आम्ही आधीच सांगितलं होतं की ५.१५ ते ६ या वेळात पणत्या, रांगोळी, दारात अत्तर-गुलाबपाणी, बसवून घेणं, आणि पहिला स्वर ६ च्या ठोक्याला. साउंड चेक आदल्या रात्री १० च्या आत. पहाटे फक्त लाइन चेक, म्हणजे प्रत्येक माइकचा आवाज मिक्सरपर्यंत पोचतो का एवढंच, तोही हेडफोनवर.

स्टेज होतं २४ बाय २० फुटांचं. पाऊस नसला तरी वर ताडपत्री लागतेच. उल्हास नदीच्या या पट्ट्यात दिवाळीच्या सुमाराला दव पडतं ते अक्षरशः निथळतं. खुर्च्या पुसायला माणसं वेगळी ठेवावी लागतात. तबल्याची पुडी ओल धरली की स्वर उतरतो, आणि पेटीचा स्वर तर हलवता येत नाही. तबलजी गठ्ठे ठोकून ठोकून किती चढवणार? म्हणून तबला शेवटच्या वीस मिनिटांपर्यंत गाडीतच, खोक्यात, कापडात गुंडाळून. स्पीकरवर प्लॅस्टिक टाकायचं, पण तेही सैल, नाहीतर आतल्या बाजूने पाणी धरतं.

विजेसाठी ६२.५ केव्हीएचा सायलेंट जनरेटर भाड्याने आणला होता. तीन फेज, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या तारा, पूर्ण भाराला दर फेजला साधारण ८७ अँपिअर, म्हणजे कामाच्या मानाने भरपूर. पहिल्या फेजवर स्टेजचे एक-एक किलोवॉटचे आठ पार दिवे (स्टेजवर झोत टाकणारे), दुसऱ्यावर फक्त साउंड, तिसऱ्यावर प्रवेशद्वार, चहा-फराळाचे स्टॉल आणि मैदानातले दिवे. रात्री साडेनऊला तिन्ही फेजचे आकडे बरोबर होते: २२९, २३१, २३० व्होल्ट.

पहाटे ४ वाजून काही मिनिटांनी लाइटवाल्याने पार चढवायला घेतले. फेडर, म्हणजे उजेड चढवायची सरकपट्टी, वर गेला, पण दिवे पिवळेच राहिले. त्याच वेळी चहाच्या स्टॉलवरचा साधा शंभराचा बल्ब पांढरा फटक झाला आणि गेटवरचा एक एलईडी फ्लड फट्कन गेला. एका फेजचा दिवा मंदावतो आणि दुसऱ्या फेजचा भडकतो, हे एकदम दिसलं की शंकेला जागा उरत नाही: न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजचा करंट परत नेणारी सामाईक तार, सुटलाय किंवा सुटायच्या बेतात आहे.

‘फेडर अर्ध्यावर आण, पुढे काही करू नकोस,’ असं सांगून डिस्ट्रिब्यूशन बोर्डावर, म्हणजे जिथून वीज तिन्हीकडे वाटली जाते तिथे, व्होल्टेज मोजायचा मीटर लावला. १७०, २६२, २६८. न्यूट्रल आणि अर्थ (जमिनीत गेलेली तार) यांच्यामध्ये ६० व्होल्ट, जिथे दोन-तीनच्या वर काही दिसायला नको. फेज-फेजमध्ये मात्र सुरेख ४००. म्हणजे जनरेटर ठणठणीत, दुखणं मधल्या जोडात.

जनरेटरचा ऑपरेटर म्हणाला, ‘दादा, रात्री तर बरोबर दाखवत होतं.’ दाखवणारच. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे जळका, अर्धवट टेकलेला जोडही मीटरला शाबूत वाटतो. शिवाय रात्री फक्त कामापुरते दिवे होते, तिन्ही फेजवर थोडे थोडे. भार सारखा वाटलेला असला की न्यूट्रलमधून करंटच फारसा जात नाही. एका फेजवर आठ किलोवॉट चढले आणि परतीचा सगळा करंट त्या जोडातून जाऊ लागला, तेव्हा तो उघडा पडला. न्यूट्रल पूर्ण तुटला असता तर दोन-दोन फेजमधले भार ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखे झाले असते. ज्या फेजवर भार जास्त तिचं व्होल्टेज पडतं, जिच्यावर कमी तिचं चढतं. कमी भाराची फेज बहुधा साउंडची असते. गाणं सुरू नसताना अ‍ॅम्प्लिफायर ओढतात तरी किती! ३२० व्होल्ट गेले तर शिखर ४५० च्या पुढे जातं, आणि मिक्सरच्या पॉवर सप्लायमधले ४०० व्होल्टचे कपॅसिटर फुटतात. एमसीबी पडत नाही, कारण तिला फक्त करंट कळतो. मिक्सर यूपीएसवर आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांचा आधी यूपीएस जातो, एवढाच फरक.

साउंडचा मेन स्विच त्या पहाटे तोवर चालूच केला नव्हता. पहाटे दिव्यांचा पूर्ण भार देऊन व्होल्टेज बघितल्याशिवाय तो करत नाहीत, म्हणून एकही यंत्र गेलं नाही.

जनरेटर बंद केला, आणीबाणीचं बटण दाबून ठेवलं, किल्ली खिशात. टर्मिनलवर शून्य व्होल्ट खात्री करून झाकण उघडलं. केबल होती साडेतीन कोअरची अ‍ॅल्युमिनियम (फेजच्या तीन जाड तारा आणि न्यूट्रलची साधारण निम्म्या जाडीची), ३५ स्क्वेअर एमएमची, म्हणजे न्यूट्रल १६ चा. त्याचा लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसवायचं धातूचं टोपण, क्रिम्पिंग टूलने (लग घट्ट दाबायच्या पकडीने) दाबलेलाच नव्हता, हातोडीने ठोकलेला होता. काळा पडलेला, इन्सुलेशन दोन इंच भाजून कडक झालेलं, आणि लग हाताने फिरत होता. ही साडेतीन कोअर कारखान्यातल्या मोटारींसाठी ठीक. कार्यक्रमाला डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारा), एलईडी, चार्जर असला सगळा माल असतो, त्याने न्यूट्रलमध्ये फेजइतका, कधी जास्तही करंट जातो. तिथे अर्धा न्यूट्रल म्हणजे संकटाला आवतण. चार कोअरची केबल थोडी महाग पडते आणि उचलायला जड, म्हणून भाड्याने देणारे टाळतात.

जळका तुकडा चार इंच कापला, तारा चकचकीत होईपर्यंत घासल्या, जेली लावली, १६ चा नवा लग टूलने दोन जागी दाबला, स्प्रिंग वॉशर घालून बोल्ट कसला. मग फेजचे तिन्ही लगही तपासले. त्यातला एक अर्धा आटा सैल निघाला. आठपैकी चार पार तिसऱ्या फेजवर हलवले. साउंडच्या फेजवर डिमर कधीच ठेवायचा नाही, स्पीकरमध्ये भुणभुण येते. ५ वाजून ५ मिनिटांनी जनरेटर परत सुरू. पूर्ण भाराला २२६, २३१, २२७, न्यूट्रल-अर्थ सव्वा व्होल्ट. दहा मिनिटं तसाच चालवला, पुन्हा बंद करून लगला हात लावला, गार होता. मग मिक्सर, मग एकेक अ‍ॅम्प्लिफायर.

तोवर अभ्यंगस्नान उरकून माणसं यायला लागली होती. या कार्यक्रमाची गर्दी हळूहळू येत नाही, अर्ध्या तासात सगळी येते. सहापर्यंत माइक बंद असल्यामुळे ‘काका, पुढे बैठकीवर जागा आहे’ हे स्वयंसेवकांना जवळ जाऊन सांगावं लागतं. पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या आणि ३० मीटरवर दोन जादा स्पीकर, ८८ मिलिसेकंद उशिरावर लावलेले, म्हणजे स्टेजचा आणि मागचा आवाज मागच्या रांगेत एकत्र पोचतो.

६ वाजता म्यूट काढला. लगेच आवाजाची पातळी कमी करावी लागली. पहाटे जमिनीलगत हवा गार आणि वर उबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वळतो आणि दुपारी जिथे ऐकूही येणार नाही अशा इमारतीत स्पष्ट पोचतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि मैदानाच्या हद्दीवर फार तर त्याहून १० जास्त. कुंपणाशी आवाजाचा मीटर ६८ दाखवत होता. स्पीकर चार अंश खाली झुकवले, सब-वूफर (खर्जाचा स्पीकर) अर्ध्यावर आणला, तेव्हा ६४ ला आला. तबल्याच्या डग्ग्याला जेवढं वजन लागतं तेवढं सब-वूफरशिवायही मिळतं, पण हे तरुण संयोजकांना पटवणं जड जातं.

साडेआठला भैरवी झाली. जनरेटरच्या पुरवठादाराच्या पावतीवर आता आमच्याकडून चार ओळी जोडलेल्या असतात: चार कोअरची केबल, चारही लग टूलने दाबलेले, बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले (व्होल्टेज फार चढलं किंवा पडलं की वीज तोडणारा), आणि आदल्या संध्याकाळी एका फेजवर मुद्दाम पाच किलोवॉट टाकून अर्धा तास चाचणी. चाचणीच्या डिझेलचे पैसे कोणी द्यायचे, यावर मात्र दर वेळी घासाघीस होतेच.