तुम्ही विचारलंत म्हणून: अजून वायरवालाच का?

ऑफिसमधल्या पोरी विचारतात, भाचा विचारतो, आमच्या ८:१७ च्या लेडीज डब्यातला ग्रुप तर आलटून पालटून विचारतो, की अगं एवढा खराब झालेला हेडफोन शेवटी टाकलास आणि नवीन घेतलास तोही वायरवालाच? ब्लूटूथ का नाही घेतलास? तो नॉइज कॅन्सलेशनवाला मिळतो ना हल्ली? प्रत्येक वेळी "कामासाठी लागतो गं" म्हणून मी विषय संपवते, कारण डोंबिवली ते दादर एवढ्या वेळात खरं उत्तर सांगून होणार नाही. आता एकदाच लिहिते, पुढे कोणी विचारलं की हेच पाठवणार.

आधी एक, मला ब्लूटूथचं वावडं नाहीये. छोटे इयरबड्स आहेत माझ्याकडे, भाजी निवडताना तेच कानात असतात. आणि सांगायचंच झालं तर नॉइज कॅन्सलेशनवाला मोठा हेडफोनसुद्धा मी हप्त्यावर घेतला होता. चार महिने वापरला. आता तो नवऱ्याकडे आहे, रात्री त्यावर क्रिकेट बघतो. ही गोष्ट मी फारशी कोणाला सांगत नाही, कारण मग "बघ, घेतला होतास ना" सुरू होतं.

मी ऑडिओबुकं एडिट करते हे तुम्हाला माहितीच आहे. वाचणाऱ्याचा श्वास, तोंडातली चकचक, पान उलटल्याचा आवाज, मागची पंख्याची घरघर, हे सगळं शोधायचं आणि काढायचं. एका बाजूला सासूबाईंची मालिका, दुसऱ्या बाजूला मुलाचा अभ्यास, मध्ये कुकर, म्हणून क्लोज्ड-बॅक, म्हणजे कप बाहेरून बंद असलेला. ओपन-बॅकला बाहेरून जाळी असते, आवाज कसा मोकळा लागतो, पण आतलं बाहेर जातं आणि बाहेरचं आत येतं, तो ज्याला स्वतंत्र खोली आहे त्याने घ्यावा. आणि घडी होऊन पिशवीत मावायला हवा, कारण कच्चे भाग मी ट्रेनमध्ये ऐकते.

ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत यायला थोडा उशीर होतो, कधी कधी तर पाव सेकंदाच्या आसपास. पिक्चर बघताना ॲप ते सांभाळून घेतं, तुम्हाला कळतही नाही. एडिटिंगमध्ये पडद्यावर श्वास संपलेला असतो आणि कानात तो अजून चालूच असतो. कानावर विसंबून थांबवलं की कट पडतो तो पुढच्या शब्दाच्या "क" वर. सवय होते म्हणतात. मला नाही झाली. नॉइज कॅन्सलेशन बाहेरचा आवाज मारतं, रेकॉर्डिंगमधला नाही, हे मला समजतं, भाच्याने दरवेळी समजवायची गरज नाही. पण माझ्या त्या हेडफोनवर ते चालू केलं की आवाज एक आणि बंद केलं की दुसरा, मग खरा कुठला धरायचा? आणि ट्रेनमध्ये म्हणाल तर गाडीची एकसुरी घरघर जाते झकास, पण माणसांचं बोलणं काही तसं पुसून जात नाही, त्यामुळे "ताई घाटकोपरला उतरणार का" हे आधीपेक्षाही स्पष्ट ऐकू येतं.

हे मुद्दे खरे आहेत, पण हेच कारण आहे असं म्हटलं तर मी खोटारडी ठरेन. भाच्याने एकदा डोळे बांधून परीक्षा घेतली, तोच आवाज कधी वायरीवरून कधी ब्लूटूथवरून. दहापैकी सहा बरोबर आले. नाणं उडवून सांगितलं असतं तरी पाच आले असते. म्हणजे माझे कान फार थोर वगैरे नाहीत.

खरं कारण जुन्या हेडफोनमध्ये आहे. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. २०१६ मध्ये पहिल्या मोठ्या कामाच्या पैशातून घेतला होता. त्याच्या कानाच्या गाद्या, म्हणजे पॅड, आपण लेदर म्हणतो पण असतं ते पॉलियुरेथेन नावाचं प्लॅस्टिक, आणि दमट हवेत ते आपोआप कुजतं, वापरा नाहीतर नका वापरू. मुंबईचे दोन-तीन पावसाळे, वर घाम. आधी भेगा पडल्या, मग काळे पापुद्रे निघायला लागले. ट्रेनमधून उतरले की कानामागे, गालावर काळे ठिपके. ऑफिसमधली एक म्हणायची, आज कोणी तीट लावून पाठवलं का गं?

तेव्हा नवीन घ्यायचा सोडून मी काय केलं, तर आईच्या जुन्या सुती साडीचे दोन गोल अभ्रे शिवले, इलॅस्टिक घालून, आणि पॅडवर चढवले. मऊ लागायचे, धुता यायचे. मला त्याचा अभिमान होता हो! लोकांना दाखवायचे.

मग एक मोठं काम आलं. नऊ तासांचं पुस्तक, ३४ भाग, वाचणारे रंगभूमीवरचे एक ज्येष्ठ नट. त्यांचा आवाज म्हणजे खर्ज, शेवटच्या रांगेत बसलं तरी छातीत घुमणारा, मी शाळेत असताना शिवाजी मंदिरला ऐकलेला. पहिला भाग लावला तर आवाज बारीक. कोरडा. वर वर तरंगणारा. दुसरा भाग तसाच. मी मनाशी म्हटलं, वय झालं बिचाऱ्यांचं. आणि इथे मी थांबायला हवं होतं, पण मी त्यांच्यावर उपकार करायला निघाले. प्रत्येक भागात १२० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे खर्जाच्या पट्टीत, पाच डेसिबल वाढवले, वाटलं, सरांना त्यांचा आवाज परत देतेय. शिवाय निर्मात्याला सहज बोलून गेले, सरांचा आवाज आता पूर्वीसारखा राहिला नाही, पण मी सांभाळून घेतलंय. सांभाळून घेतलंय!

तीन आठवड्यांनी सरांचा स्वतःचा फोन. मी जेवायला बसले होते. आधी हसून म्हणाले, "बाई, मी पिंपात बसून वाचलं का हो? आणि मागे तो भुंगा कोणी सोडलाय?" भुंगा म्हणजे विजेची हम. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण ५० ला आणि १०० ला असते. रेकॉर्डिंगमध्ये ती अगदी बारीक होती, मला ऐकूच आली नव्हती, आणि आवाजाबरोबर मी तिलाही वर उचललं होतं. मी सॉरी सॉरी म्हणत होते, तेवढ्यात ते जरा थांबून म्हणाले, "माझा आवाज गेलाय असं तुम्ही म्हणालात असं कळलं. म्हणून मी घशाच्या डॉक्टरांना दाखवून आलो. ते म्हणाले, काही झालेलं नाही. तुम्हाला नक्की काय जाणवलं ते सांगाल का?"

रागाने नाही विचारलं. खरंच विचारत होते, डॉक्टरांना सांगायला. माझ्या हातावरचा भात वाळला.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मूळ रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, काहीही बदल न केलेलं. तोच बारीक आवाज. वैतागून दोन्ही हातांनी डोकं धरलं, म्हणजे खरं तर हेडफोनच दोन्ही बाजूंनी दाबला गेला, आणि सर आले. तोच खर्ज, शिवाजी मंदिरचा. हात काढले, गेला. दाबले, आला. असं मी किती वेळा केलं माहीत नाही, पंधरा-वीस वेळा तरी. क्लोज्ड-बॅकचा खर्ज कप आणि कान यांच्यात हवा कोंडलेली असेल तरच नीट पोचतो. माझे पॅड चपटे झालेले, वरचं आवरण गळून पडलेलं, आणि वर साडीचे अभ्रे, त्यातून सगळा खर्ज झिरपत होता. एका दिवसात झालं असतं तर लगेच कळलं असतं. दोन वर्षं थोडं थोडं झालं, आणि कान रोज तेवढ्यालाच शंभर टक्के समजत गेले.

अकरा रात्री बसून ३४ भाग पुन्हा केले, एक पैसा न घेता. आता कोणी म्हणेल निर्मात्याने पाठवण्याआधी एकदा ऐकायला नको? हवं होतं. मी हा मुद्दा त्याच्याशी बोलता बोलता काढलाही होता, आणि काढल्यावर लाज वाटली. सरांना मी सांगितलं, "माझ्याकडून सेटिंग चुकलं, तुमचा आवाज उत्तम आहे." साडीच्या अभ्र्यांचं नाही सांगितलं. अजून नाही सांगितलेलं.

तर, नवीन घेताना मला एकच हवं होतं. जे झिजतं ते मला बदलता आलं पाहिजे, आणि झिजलंय हे मला कळलं पाहिजे. ब्लूटूथवाल्यात पॅडबरोबर आत बॅटरीपण म्हातारी होते, आणि ती बदलून देणारा मला कोणी भेटलेला नाही.

आधी चिकटपणा करून बघितला. लॅमिंग्टन रोडला गेले (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ते कोण म्हणतं), जुन्यालाच चारशे रुपयांचे पॅड घातले. बसले घट्ट, पण आतला फोम जाड, कान आवाजापासून लांब गेला, सगळंच वेगळं वाजायला लागलं. शिवाय वायर जॅकपाशी दोनदा तिथेच डाग देऊन जोडून घेतलेली. त्या तारेवर लाखेसारखा थर असतो, तो जाळल्याशिवाय डाग बसत नाही, आणि दर वेळी वायर इंचभर आखूड होते. दुरुस्तीवाले काका म्हणाले, मॅडम अजून दोनदा केलंत तर मान वाकडी करून ऐकावं लागेल.

मग एकेक डोक्यावर चढवून पाहिले. सोनीचा ७५०६, निळ्या पट्टीवाला, १९९१ पासून स्टुडिओत दिसतोय, चकचक पकडायला एक नंबर, पण त्याची गुंडाळीची वायर कायमची जोडलेली, ती तुटली की पुन्हा काका. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० मखमली पॅडचा, डोक्यावर आहे हे विसरायला होतं, पण घडी होत नाही, पिशवीत डब्याच्या वर ठेवू कुठे? मन बसलं होतं सेनहायझरच्या एचडी २५ वर. १९८८ चं डिझाइन, जेमतेम १४० ग्रॅम, प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि घरी बदलता येतो. पण तो कानाभोवती बसत नाही, कानावर बसतो. माझा चष्मा आणि कानातले दोन्ही त्याने असे दाबले की वीस मिनिटांत डोळ्यात पाणी. कानातले काढून ठेवीन म्हणून ठरवलं होतं, मग ट्रेनमध्ये कानातली विकणारी ताई आठवली, जी रोज मला म्हणते, हे टोपलं काढा आणि माझे झुमके घालून बघा. तिच्यासाठी नाही म्हणा, पण राहिलंच ते.

शेवटी ऑडिओ-टेक्निकाचा एम४०एक्स. पॅड निघतात, वायर निघते. त्याच्याबरोबर आलेली सरळ वायर तीन मीटरची! लेडीज डब्यात तीन मीटर वायर घेऊन कोणाला बांधायचंय? लहान वेगळी घेतली, तीही जपून, कारण कपातलं टोक २.५ मिमीचं आणि फिरवून लॉक होणारं आहे, कुठलीही वायर बसत नाही. फोनला तर भोकच नाही, त्यामुळे टाइप-सीचं शेपूट लावावं लागतं, आत्तापर्यंत तीन हरवली. एक दिवा स्टेशनच्या पुढे सीटखाली गेलं, ते काढायला वाकायला जागा नव्हती. हसा. ब्लूटूथवाल्याला हा ताप नाही, मान्य.

हुशारी म्हणून पॅडची जादा जोडी पण घेऊन कपाटात ठेवली. आता लक्षात येतंय की कपाटातली हवापण मुंबईचीच आहे, ते तिथे बसल्या बसल्या कुजणार.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी सरांचा तोच पहिला भाग लावते आणि दोन्ही हातांनी कप दाबून बघते. काल बघितलं. किंचित फरक वाटला, कदाचित नव्हताही. नवऱ्याच्या डोक्यावर चढवला आणि दाबून, सोडून विचारलं. म्हणाला, काही नाही गं, सेम आहे. पण त्याला कुकरच्या शिट्ट्याही ऐकू येत नाहीत.