मुनिया अखेर रेषेत आली: खाडीच्या रॉडचं बट पॅनेल

मासेमारीच्या रॉडवर धाग्याने विणलेल्या चारही मुनिया, म्हणजे पैठणीच्या काठातले पोपट, एका रेषेत बसल्या. पहिलीपासून चौथीपर्यंत मधला ताणा (उभा धागा) टिप टॉपकडे, म्हणजे रॉडच्या टोकाच्या कडीकडे, पाहून तपासला, मग दोरी लावून तपासला. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आहे. ज्यांनी मागच्या नोंदीतले, नक्षी बाजूला सरकून वाकलेले नमुने पाहिलेत त्यांना याचा अर्थ कळेल. सगळ्यांना आधी हेच सांगायचं होतं. आता तपशील.

रॉड तोच आहे, जिताड्यासाठी बांधायला घेतलेला आठ फुटी, 15-30 पौंडी दोरीचा स्पिनिंग ब्लँक, म्हणजे रॉडची नुसती काठी. स्प्लिट ग्रिप, आणि मागची व पुढची ग्रिप यांच्यामधल्या उघड्या भागावर पैठणीच्या काठातली मुनिया. त्या जागी ब्लँकचा व्यास 14 मिमी, म्हणजे घेर साधारण 44 मिमी. खाली वांगी रंगाचा अंडररॅप, म्हणजे आधी गुंडाळलेला धाग्याचा थर, वर डी जाडीचे 31 ताणे, आणि बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, त्याहून बारीक ए जाडीचा वांगी नायलॉन. 31 ठेवले कारण विषम संख्या असली की मधला ताणा मिळतो, आणि पुढचं सगळं माप त्या मधल्या ताण्यावरून घेता येतं.

आलेखाबद्दल आधी थोडं, कारण नवीन मंडळी इथेच अडकतात. चौकोनी आलेखाच्या कागदावर पक्षी काढून तसाच विणायला घेतला की तो ब्लँकवर लांबोडा होतो. डी धागा साधारण 0.28 मिमी रुंद, आणि एका ओळीला बाण्याचे दोन फेरे लागतात, एक नक्षीचा आणि एक सगळ्या ताण्यांवरून जाऊन ओळ पक्की करणारा, लॉकचा. ए धागा 0.17 मिमी धरला तर ओळीची उंची 0.34 मिमी होते. म्हणजे प्रत्येक घर रुंदीपेक्षा सुमारे 20 टक्के उंच. म्हणून मी आलेखच तशा उभट घरांचा छापून घेतो. धाग्याच्या रिळावरच्या आकड्यावर विसंबू नका. आपल्याच ताणाने एक सेंटीमीटर गुंडाळा आणि भिंगाखाली फेरे मोजा, कारण एकाच जाडीच्या दोन कंपन्यांच्या धाग्यांत सुद्धा फरक पडतो.

रंगांचं गणितही आता पक्कं जमलंय. पैठणीत रंग बाण्यातून येतो. विणकर प्रत्येक रंगाची वेगळी कांडी घेऊन त्या रंगाच्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या रंगात अडकवतो आणि मागे फिरतो. आपल्याकडे बाणा अख्ख्या घेराला वळसा घालतो, त्यामुळे नक्षीचा रंग ताण्यातून द्यावा लागतो. जो ताणा उचलला तो दिसतो, जो खाली राहिला तो बाण्याखाली झाकला जातो. याचाच अर्थ एका उभ्या स्तंभाला एकच रंग. मुनिया हिरव्या पानाच्या रंगाची, तोंडाशी लाल. ती ब्लँकवर उभी आणि तोंड आडवं ठेवलं, तर चोच फक्त डाव्या कडेच्या चार स्तंभांत येते. ते चार ताणे लाल, उरलेले सत्तावीस हिरवे. एकही धागा मध्ये बदलायला लागत नाही. डोळा म्हणजे त्या ओळीत न उचललेला एक ताणा, मागचा वांगी रंग तिथून डोकावतो. एवढ्याशा ठिपक्याने पक्षी एकदम जिवंत होतो. तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

आता मूळ दुखणं. 55 मिमीच्या पॅनेलमध्ये नक्षी 4 मिमी सरकत होती. ऐकायला कमी वाटतं, पण 44 मिमीच्या घेरावर 4 मिमी म्हणजे 33 अंश. पहिली मुनिया गाईडच्या (दोरी ओवायच्या कड्यांच्या) रेषेत आणि चौथी ब्लँकच्या कुशीला वळलेली. रील लावून रॉड हातात धरला की हे लगेच खुपतं, कारण नजर आपोआप गाईडच्या रेषेने धावते.

रॅपिंग करणाऱ्या बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं की बाणा मळसूत्रासारखा चढतो, म्हणून नक्षी तिरपी होते. हे हिशोबात बसत नाही. एका फेऱ्यात धागा 0.17 मिमी चढतो तो पूर्ण 44 मिमी घेरात. नक्षीची रुंदी 8.7 मिमी, म्हणजे तेवढ्या भागात चढ 0.03 मिमीच्या आसपास. शिवाय तो आडवी ओळ किंचित कलती करेल, उभ्या स्तंभाला बाजूला ढकलणार नाही. आमचा तर स्तंभच सरकत होता.

खरं कारण घर्षण. बाणा ताणात असतो, आणि ताण्यांवरून बसताना तो त्यांना आपल्या फिरण्याच्या दिशेने कणभर ओढतो. 55 मिमीत साधारण 160 ओळी होतात. 4 मिमीला 160 ने भागलं तर ओळीमागे 0.025 मिमी येतात. डी धाग्याच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही कमी! एका ओळीत हे डोळ्याला दिसणं शक्य नाही, म्हणून चूक नेमकी कुठे घुसते ते सापडत नव्हतं. आणि ब्लँक नेहमी एकाच दिशेने फिरतो, त्यामुळे प्रत्येक ओळीची ओढ आधीच्या ओढीत भरच घालते.

उपाय बरेच करून पाहिले. बाण्याचा ताण कमी केला, तर सरकणं अर्ध्यावर आलं, पण वीण सैल पडली आणि सीपी (रंग टिकवणारा कलर प्रिझर्व्हर) लावताना ताणे हलले. अंडररॅपवर सीपीचा पातळ हात देऊन तो चिकट असतानाच विणलं. सुरुवातीच्या ओळी छान बसतात, पण सीपी वाळेपर्यंत आपण पॅनेलच्या चौथाईलाही पोचत नाही. दुहेरी टेपने मात्र नक्षीखाली उंचवटा येतो आणि एपॉक्सीत बुडबुडे अडकतात, ते कुणी करू नये. मग ताण्यांची पुढची टोकं एका फणीत ओवली, फणी ब्लँकवरच बांधली आणि उलट दिशेला थोडी कलती ठेवली. याने बराच फायदा झाला. पण कल किती ठेवायचा हे बाण्याच्या ताणावर, हवेतल्या ओलाव्यावर, धाग्याच्या गुळगुळीतपणावर अवलंबून. एका पॅनेलला जमलेला कल दुसऱ्याला लागू पडेना.

उत्तर येवल्यात मिळालं. मुनियेचे जुने नमुने बघायला म्हणून गेलो होतो. एका मागाशी बराच वेळ बसून राहिलो. काठ विणणाऱ्या बाईंचे हात पाहत होतो, कांडी डावीकडून उजवीकडे, मग फणीचा ठोका, मग तीच कांडी उजवीकडून डावीकडे. तिथेच डोक्यात प्रकाश पडला. मागावर बाणा जातो आणि परत येतो. जाताना त्याने ताणा ज्या बाजूला ओढला असेल, येताना तेवढाच उलट ओढतो. काठीवर बाणा फक्त जातच राहतो, त्याला परतीची वाट नाही. एकच धागा उलटा फिरवला तर गुंडाळलेला फेराच सुटेल. पण आपल्याकडे प्रत्येक ओळीला दोन फेरे आहेत. दोन्ही फेरे एकाच धाग्याचे असावेत असं कुठे लिहिलंय?

मग पद्धत अशी बसवली. ब्लँक फिरवायचाच नाही. व्ही-ब्लॉकमध्ये फेल्ट घालून तो घट्ट धरायचा. फ्लाय, म्हणजे पिसा-धाग्यांचं कृत्रिम आमिष, बांधणारे वापरतात ते दोन बॉबिन होल्डर (रीळ धरून नळीतून धागा सोडणारे) घ्यायचे, सिरॅमिक नळीचे, साध्या धातूच्या नळीची कड धागा खरवडते. एकात नक्षीचा बाणा, दुसऱ्यात लॉकचा. नक्षीचा बॉबिन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, उचललेल्या ताण्यांखालून आणि उरलेल्यांवरून. मग ताणे पुढे टाकायचे आणि लॉकचा बॉबिन उलट दिशेने, सगळ्यांवरून. दोन्ही बॉबिनना शिसं टांगलंय, गरवायच्या डब्यातलंच. अर्धा फेरा झाला की हात सोडायचा, शिसं आपल्या वजनाने धागा बसवतं, आणि ताण प्रत्येक ओळीला तोच राहतो. मी आजवर घेतलेल्या कुठल्याही थ्रेड टेन्शनरपेक्षा हे शिसं एकसारखा ताण देतं. महागाच्या टेन्शनरवर पैसे घालण्याआधी एकदा करून बघाच.

पहिल्या नमुन्यात नक्षी उलट बाजूला सरकली, आणि मला त्याचा फार आनंद झाला. म्हणजे कारण हेच होतं! लॉकचा फेरा सगळ्या 31 ताण्यांवरून जातो, नक्षीचा फक्त न उचललेल्यांवरून, त्यामुळे लॉकची ओढ जास्त. दोन्हीकडे 30 ग्रॅम शिसं होतं, ते लॉकला 20 ग्रॅम केलं आणि नक्षी सरळ झाली. तुमच्या नक्षीत उचललेल्या ताण्यांचं प्रमाण वेगळं असेल तर वजनं बदलावी लागतील. भरगच्च नक्षीला लॉक आणखी हलका ठेवा, विरळ नक्षीला दोन्ही वजनं जवळ आणा.

तोटे दोन. वेळ बराच जास्त लागतो, कारण ब्लँक फिरवण्याची सोय गेली आणि बॉबिन प्रत्येक वेळी हाताने वळसा घालून आणावा लागतो. दुसरं, दोन धागे मागच्या बाजूला एकमेकांना छेदतात आणि तिथे एक बारीक उभी शिवण उमटते. स्पिनिंग रॉडला ती रीलच्या बाजूला, खाली येते, त्यामुळे दिसत नाही. बेटकास्टिंगला मात्र रील वर, तिथे शिवणही विचार करून फिरवावी लागेल.

फिनिशचं थोडक्यात. नायलॉनला सीपीशिवाय एपॉक्सी लावली की हिरवा रंग काळपट होतो आणि खालचा वांगी वर दिसतो, म्हणून सीपीचे तीन पातळ हात, आणि शेवटच्या हातानंतर पूर्ण एक दिवस थांबायचं. एपॉक्सी एकास एक, दोन भागांना दोन वेगळ्या सिरिंज, त्या कधीही अदलाबदल करायच्या नाहीत. फिरवायला लॅमिंग्टन रोडवरून आणलेली मायक्रोवेव्हच्या ताटाची मोटर आहे, मिनिटाला 5-6 फेरे. जाड थराला ती हळू पडते, पण मी पातळ थर देतो, मला पुरते. पावसाळ्यात पृष्ठभागावर दुधी चिकट थर येतो तो दमट हवेमुळे, म्हणून रॉड बंद पेटीत सिलिका जेलसोबत फिरवतो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेलं हार्डनर बाटली उघडायच्या आधीच पिवळं होतं, ते खालच्या अंडररॅपलाही वापरलं नाही. हलक्या रंगावर पिवळेपणा कायमचा राहतो. गाईड मात्र फुजीचेच, के फ्रेमचे. त्यांची पुढे झुकलेली चौकट ब्रेडचा (विणलेल्या दोरीचा) गुंता निसटू देते, आणि खाडीच्या वाऱ्यात ते फार मोलाचं आहे.

आता पुढचा बेत. चार मुनिया झाल्यावर पॅनेलच्या दोन्ही टोकांना जरीच्या रंगाची पट्टी देऊन थांबायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की सरकणंच संपलं असेल तर नारळी काठ का नको? दोन्ही कडांना तो उभा काठ मी पहिल्यापासून बाजूला ठेवला होता, कारण सरळ काठ जरा जरी कलला तरी लगेच कळतो. दोन्ही बाजूंना सात-सात ताणे वाढवले तर एकूण 45, रुंदी साडेबारा मिमीच्या आसपास. घेराच्या तिसऱ्या भागापेक्षा कमी, म्हणजे वरून पाहताना सगळं दिसेल. झालेलं पॅनेल मग नमुना म्हणून भिंतीवर जाईल. त्याला अजून फक्त सीपीचा पहिला हात बसलाय, कापून काढता येईल.

काठाला जर (जरीचा धागा) ताण्यात घालायची नाही हे नक्की. मेटॅलिक धाग्यात गाभ्यावर गुंडाळलेली पातळ पट्टी असते. ताणा ओळीमागून ओळ मागेपुढे दुमडला की ती पट्टी तडकते आणि आतला पांढरा गाभा दिसतो. काठासाठी गडद पिवळा डी नायलॉन, आणि जर फक्त टोकांच्या रॅपमध्ये, जिथे ती एकदाच गुंडाळायची आणि विसरायची. खरी चांदीची जर तर नकोच, काळी पडते. पॉलिएस्टरची चमक एपॉक्सीखाली टिकते.

आणि मुनियेचा हिरवा? तो रेशमात हवा असं फार वाटतंय. सीपीशिवाय रेशीम एपॉक्सीत जवळजवळ पारदर्शक होतं, जुन्या बांबूच्या रॉडवर ते मुद्दाम तसं करत. पण सीपीखाली त्याचा रंग नायलॉनपेक्षा खोल दिसतो, येवल्याहून आणलेल्या लच्छीवर एक छोटी पट्टी करून पाहिली आहे. अडचण जाडीची. दोन पदरी रेशीम डीपेक्षा बारीक आणि तीन पदरी जाड पडतंय, आणि दोन्हीला आलेख नव्याने आखावा लागेल. कुणी ताण्यात रेशीम वापरलं असेल तर पदर किती घेतले आणि पिळ वाढवला का, ते सांगा. दरम्यान मी 45 ताण्यांचा आलेख काढायला घेतोय, आधी नायलॉनमध्ये.