दोन जागांच्या जोरावर: फिन गुस्ताव्हसेन

1961 च्या निवडणुकीनंतर नॉर्वेच्या संसदेत, म्हणजे स्टोर्टिंगमध्ये, 150 पैकी 74 जागा मजूर पक्षाकडे होत्या आणि 74 बिगरसमाजवादी पक्षांकडे. उरलेल्या दोन नव्या समाजवादी लोकपक्षाच्या: ओस्लोतून फिन गुस्ताव्हसेन, नूरलानमधून आस्ब्यर्न होल्म.

गुस्ताव्हसेन हाडाचे पत्रकार. मजूर पक्षातल्या नाटोविरोधी मंडळींनी चालवलेल्या ‘ओरिएन्टेरिंग’ या पत्राचे ते 1959 पासून संपादक होते. पक्षात राहायचं असेल तर या पत्राशी संबंध तोडा, असं 1961 मध्ये मजूर पक्षानं बजावलं. त्यावर त्याच वर्षी या मंडळींनी वेगळी चूल मांडली, तोच समाजवादी लोकपक्ष.

गुस्ताव्हसेन यांच्या कारकिर्दीची खरी कसोटी लागली 1963 मध्ये. आर्क्टिकमधल्या स्वालबार या नॉर्वेच्या बेटसमूहावरच्या नी-ओलेसुन इथल्या कोळशाच्या खाणीत नोव्हेंबर 1962 ला स्फोट होऊन 21 कामगार दगावले. खाणीची किंग्ज बे ही कंपनी सरकारी मालकीची. चौकशी अहवालानं सुरक्षेतल्या त्रुटींवर बोट ठेवलं आणि पंतप्रधान आयनार गेर्हार्डसन यांच्या मजूर सरकारवर अविश्वास ठराव आला. 23 ऑगस्टला तो 76 विरुद्ध 74 असा मंजूर झाला. ती दोन जादा मतं गुस्ताव्हसेन आणि होल्म यांची.

मग योन लिंग यांचं चार बिगरसमाजवादी पक्षांचं सरकार आलं. चार आठवड्यांत या दोघांनी तेही मजूर पक्षाच्या साथीनं पाडलं आणि गेर्हार्डसन परतले. याला धरसोड म्हणणाऱ्यांनी नॉर्वेचा एक नियम ध्यानात घ्यायला हवा: स्टोर्टिंग मुदतीआधी विसर्जित करता येत नाही. सरकार पडलं तरी सभागृह तेच राहतं आणि त्याच 150 जणांतून नवा मेळ घालावा लागतो. त्यामुळे खाणीच्या जबाबदारीवरून मजूर सरकारला जाब विचारायचा आणि उजव्यांना सत्तेत टिकूही द्यायचं नाही, हे दोन्ही शक्य होतं. मला ही दोन्ही मतं एकाच भूमिकेतली वाटतात.

1965 ला मात्र आकडे फिरले. पक्षाची मतं 2.4 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर गेली, जागा मात्र दोनच राहिल्या. तेव्हा जागा फक्त जिल्हावार वाटल्या जात, वर भरपाईच्या जागा नव्हत्या. शिवाय पहिल्या जागेसाठी मतांना 1.4 नं भागायचं, पुढच्यांसाठी 3, 5, 7 नं, आणि ज्याचा भागाकार मोठा त्याला जागा. म्हणजे लहान पक्षाला पहिली जागाच महाग पडे. त्यात बिगरसमाजवाद्यांना 80 जागा मिळाल्यानं गुस्ताव्हसेन यांच्या मतांवर काही अडेना. मतदार अडीचपट, वजन शून्य! 1969 ला दोन्ही जागा गेल्या.

1973 ला युरोपीय समुदायाविरुद्धच्या (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपाविरुद्धच्या) लाटेवर, समाजवादी लोकपक्ष जिच्यात होता त्या समाजवादी आघाडीनं 16 जागा जिंकल्या आणि गुस्ताव्हसेन परतले. 1977 च्या निवडणुकीच्या तोंडावर पक्षाचे नेते बॅर्गे फुरे आणि गुस्ताव्हसेन यांनी स्टोर्टिंगच्या बंद दाराआडच्या बैठकांची कागदपत्रं पत्रकारांपुढे मांडली. विषय होता नॉर्वेत उभारलेल्या लोरान-सी या दिशादर्शक केंद्रांचा आणि अमेरिकी पाणबुड्यांशी असलेल्या त्यांच्या संबंधांचा. गुप्ततेचा भंग झाला म्हणून महाभियोगापर्यंत गोष्ट गेली आणि तो थोडक्यात टळला. मतदारांनीही त्या वर्षी पक्षाला पुन्हा दोन जागांवर आणून ठेवलं.