सहा रेघा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्या आरोग्य उपकेंद्रात गरोदर बायकांच्या तपासणीला नवरे येतात, पण बाहेर बाकावर बसून राहतात. सासू आत, नवरा बाहेर. हा मात्र अठ्ठाविसाव्या आठवड्याला दारात उभा राहून डॉपलरचे, म्हणजे बाळाचे ठोके ऐकवणाऱ्या यंत्राचे, ठोके ऐकत होता. "भितर यो," म्हटलं.

त्याच्या बायकोचे गुडघे दुमडून घेतले म्हणजे पोट सैल पडतं. उजव्या कुशीखाली उशी दिली, कारण उताणं फार वेळ ठेवलं तर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येते. मग त्याचा हात. पुरुष बोटांनी टोचून बघतात. बोटं नव्हे, तळवा सपाट टेकवायचा आणि हळूच दाब द्यायचा. एका अंगाला लांब, गुळगुळीत, घट्ट लागते ती पाठ. दुसरीकडे लागतात त्या गाठीगाठी म्हणजे हातपाय. पाठीच्या अंगाला डॉपलर धरला, ठोके १४४. तेवढ्यात त्याच्या तळव्यावर लाथ बसली. त्याने हात झटकन काढला आणि लगेच परत ठेवला.

साधारण पंचविसाव्या आठवड्यापासून बाळ आवाजाला प्रतिसाद देतं. जाड, खालच्या पट्टीतला आवाज पोटातून जास्त नीट पोचतो, म्हणून बापाने जवळ बसून रोजच्यासारखं बोलावं. पोटावर हेडफोन ठेवण्याचं खूळ हल्ली फार वाढलंय. त्याची काहीएक गरज नाही.

मोजणीही त्यालाच शिकवली. तो होंडा गावातल्या कारखान्यात पहिल्या पाळीला, म्हणजे रात्री घरी. जेवणानंतर तिने डाव्या कुशीवर पडायचं, दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. एका लयीत टकटक लागते ती उचकी, ती धरायची नाही. दहा भरल्या नाहीत तर सकाळची वाट बघायची नाही.

छत्तिसाव्या आठवड्यात रात्री सव्वाअकराला त्याचा फोन आला. दोन तासांत सहाच. सासूबाई म्हणत होत्या, "नवव्यात जागा कमी पडते, बाळ गप्प असतं." हे किती घरांत ऐकलंय! हालचालींचा प्रकार बदलतो, लाथेऐवजी वळवळ जाणवते. पण संख्या घटत नाही. म्हटलं, १०८ बोलाव, बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात जा. तिथे ठोक्यांच्या वेगाचा आलेख जवळजवळ सपाट आला, गर्भजल कमी. पहाटे सिझेरियन. मुलगी, २.१ किलो, काही दिवस काचेच्या पेटीत. आता अंगावर पिते.

परवा त्याने कालनिर्णयचं पान आणून दाखवलं. रोजच्या चौकोनात पेन्सिलीच्या दहा रेघा आणि वेळ: ९.१०–९.३५, ९.०५–९.५०. त्या रात्रीच्या चौकोनात सहाच, शेजारी सासूबाईंच्या अक्षरात दुधाचा हिशेब. सून एकटी मोजत असती, तर सासूचं ऐकून झोपली असती असं तीच म्हणाली.

तपासणीच्या खोलीत तिसरी खुर्ची नाही. ती मागून मागून थकले. पण त्या दिवशी बाकावर आणखी चार नवरे होते आणि मी फक्त दारात उभा होता त्याला आत घेतलं. त्यांच्यातल्या दोघांच्या बायकांचे दिवस अजून भरायचे आहेत. गुरुवारी येतील.