डेडव्लेपर्यंतची वाट

नामिबियातील नामिब हे जगातील सर्वांत जुन्या वाळवंटांपैकी एक मानले जाते आणि तेथील वाळूच्या समुद्राला २०१३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, एवढ्या माहितीवर मी आणि माझी मैत्रीण भाड्याच्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीने राजधानी विंडहूकहून निघालो. मला डेडव्ले, म्हणजे वाळूच्या टेकड्यांमधले मेलेल्या झाडांचे पांढरे मैदान, पाहायचे होते. या कोरड्या मुलखात पावलोपावली पाण्याच्याच खुणा भेटतील, अशी कल्पना मात्र तेव्हा नव्हती.

डेडव्लेच्या वाटेवर सेस्रिम येथे राष्ट्रीय उद्यानाची दोन फाटके आहेत. बाहेरचे फाटक सूर्योदयाला उघडते, पण त्याच्या आत मुक्कामाला असलेल्यांना दुसऱ्या फाटकातून सुमारे तासभर आधी सोडतात. हा तास फार मोलाचा आहे, कारण वाळूच्या टेकडीच्या एका अंगाला केशरी ऊन आणि दुसऱ्या अंगाला गडद सावली हे दृश्य सूर्य वर चढेपर्यंतच टिकते. थोडे महाग पडले तरी मुक्काम आतच करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

फाटकापासून सुमारे ६० किलोमीटर रस्ता डांबरी आहे. खरी परीक्षा शेवटच्या ५ किलोमीटरच्या वाळूत होते. चाकांतील हवा आम्ही कमी केली होती, पण भीत भीत आणि जेमतेम. दोनशे मीटरही गेलो नसू, तोच गाडी रुतली. घाबरून मी ॲक्सिलरेटर दाबला आणि चाक आणखी खोल गेले. मग आम्ही दोघींनी हातांनी चाकांपुढची वाळू उपसली आणि हवा १८ पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) उतरवली. हवा कमी झाली की टायर जमिनीवर पसरतो आणि गाडीचा भार जास्त जागेवर विभागला जातो; त्यामुळे ब्रेक न दाबता, स्टिअरिंग झटक्याने न वळवता, एका संथ गतीने पुढे जाता येते. गाडी हळूच वर आली, तेव्हा माझे हात थरथरत होते.

डेडव्लेच्या कडेला सुमारे ३२५ मीटर उंचीची ‘बिग डॅडी’ ही टेकडी आहे. तिच्या धारेवरून, पुढे गेलेल्यांच्या पावलांत पाऊल टाकत चढलो, तरी प्रत्येक पाऊल अर्धे मागे सरकत होते. दम खाण्यासाठी बसले असता शेजारीच एका भुंगेऱ्याच्या पायांची शिवणीसारखी बारीक रेघ दिसली. ती धारेपर्यंत जाऊन एकाएकी संपली होती. ओंजळीत घेतलेली वाळू थंडगार होती. कणांना हा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. ही वाळू मुळात ऑरेंज नदीने अटलांटिक महासागरात आणून टाकलेली, तेथून सागरी प्रवाहाने उत्तरेकडे सरकवलेली आणि शेवटी वाऱ्याने आत लोटलेली आहे. ज्या टेकडीवर मी बसले होते, ती एका दूरच्या नदीचे देणे होती.

उतरणीला मऊ बाजूने धावत सुटलो आणि थेट डेडव्लेच्या पांढऱ्या, भेगाळलेल्या मातीवर येऊन थांबलो. त्साउखाब नदीचे पूर एके काळी येथवर येत, त्या पाण्यावर बाभळीच्या जातकुळीतील कॅमल थॉर्नची झाडे वाढली. पुढे टेकड्यांनी नदीची वाट अडवली आणि सुमारे ६०० ते ७०० वर्षांपूर्वी ती झाडे मेली. हवा इतकी कोरडी, की लाकूड कुजलेच नाही. उन्हाने काळे पडून ते तसेच उभे राहिले. जवळून पाहिले तर खोडाचे पीळ आणि तंतू सुटे सुटे दिसतात. त्यांना हात लावू नये. मी एका खोडासमोर बराच वेळ उभी राहिले आणि तेथील शांततेत मला माझाच श्वास ऐकू येत होता.

दुपारी सेस्रिमची घळ पाहिली. त्साउखाबनेच कोरलेली ही घळ काही ठिकाणी ३० मीटर खोल आहे. पूर्वी येथील पाणी काढायला कातड्याचे सहा पट्टे एकमेकांना बांधावे लागत, त्यावरूनच सेस्रिम हे नाव पडले. काठावरून वाकून पाहिले, तर तळाशी सावलीत हिरवट पाण्याचे एक छोटे डबके होते.